नेटवर्क फाइल सर्व्हरवरचे माउंट पॉइंट: जोडणे, तपासणे आणि काढणे यांचा बिनचूक क्रम

सर्व्हर रीस्टार्ट होतो. डेटाची डिस्क काही कारणाने लागत नाही, पण शेअर (नेटवर्कवरून इतरांना दिलेला फोल्डर) सुरू राहतो. लोकांना फोल्डर रिकामा दिसतो. कोणी घाबरते, कोणी त्यातच नव्या फाइली टाकायला लागते. त्या फाइली डेटाच्या डिस्कवर न जाता सिस्टिमच्या छोट्या डिस्कवर पडतात. दुपारी डिस्क जोडली की सकाळचे सगळे काम तिच्याखाली झाकले जाते. मधल्या वेळेत बॅकअप चालून गेला असेल, तर तो रिकाम्या फोल्डरचा झालेला असतो.

मूळ कारण एकच आहे. माउंट पॉइंट, म्हणजे डिस्क ज्या जागी जोडली (माउंट केली) जाते ती जागा, हा एक साधा फोल्डर असतो आणि डिस्क जोडलेली असो वा नसो, त्याचा पत्ता बदलत नाही. प्रोग्रॅमला फरक कळत नाही, माणसालाही पटकन कळत नाही. म्हणून पुढची प्रत्येक पायरी एकाच हेतूने आखली आहे: डिस्क जोडलेली नसेल तर काम तिथेच थांबले पाहिजे आणि चूक पडद्यावर दिसली पाहिजे.

इथले सगळे तपशील लिनक्सच्या कर्नलमधला (सिस्टिमच्या गाभ्यातला) एनएफएस सर्व्हर, म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर देणारी सेवा, सेवा आणि माउंट सुरू-बंद करणारी सिस्टमडी आणि ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) यांना धरून आहेत. उदाहरणासाठी सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१०.५, त्यावरचा फोल्डर /एसआरव्ही/डेटा आणि क्लायंटवरचा (शेअर वापरणाऱ्या संगणकावरचा) फोल्डर /एमएनटी/डेटा असे धरले आहे. कमांड, पर्याय आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन अक्षरांतच टाकायची.

## १. आधी नोंद: आत्ता काय कुठे जोडलेले आहे

कशालाही हात लावण्यापूर्वी तीन कमांडचे उत्तर एका फाइलीत साठवून ठेवा.

- `एलएसबीएलके -एफ` : कोणती डिस्क, कोणती फाइलसिस्टिम, तिचा यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा ओळख क्रमांक), कुठे जोडली आहे
- `फाइंडएमएनटी` : सगळ्या माउंटची झाडासारखी मांडणी
- `एक्स्पोर्टएफएस -व्ही` : आत्ता कोणता फोल्डर कोणाला, कोणत्या पर्यायांसह दिला आहे

`माउंट` किंवा `डीएफ`पेक्षा `फाइंडएमएनटी` वापरण्याची सवय लावा. ती कर्नलची माउंट यादी वाचते, प्रत्येक फाइलसिस्टिमला जाऊन विचारत नाही. त्यामुळे एखादा एनएफएस सर्व्हर बंद असला तरी ती अडकत नाही. `डीएफ` मात्र अशा वेळी तासन्‌तास थांबून राहते. तिला फक्त स्थानिक डिस्कांपुरते ठेवायचे असेल तर `डीएफ -एल`.

एखादा पत्ता नेमका कोणत्या डिस्कवर आहे हे पाहायला `फाइंडएमएनटी --टार्गेट /एसआरव्ही/डेटा`. उत्तरात `/एसआरव्ही/डेटा` आले तर डिस्क जोडलेली आहे. नुसते `/` आले तर तुम्ही सिस्टिमच्या डिस्कवर उभे आहात. ही एक कमांड पाठ असली तरी निम्मे अपघात टळतात.

एका शेअरला एक स्वतंत्र फाइलसिस्टिम, अशी आखणी तयारीतच करून टाका. मोठ्या डिस्कवरचा एखादाच उपफोल्डर एक्स्पोर्ट केला, म्हणजे नेटवर्कवर दिला, की आपण तेवढाच उघडला असे वाटते. पण नो_सबट्री_चेक (फाइल दिलेल्या फोल्डरच्या आतच आहे का ते न तपासण्याचा पर्याय) असताना, फाइल हँडल (एनएफएसमधली फाइलीची ओळख) अंदाजाने बनवू शकणारा क्लायंट त्याच फाइलसिस्टिमवरच्या बाहेरच्या फाइलींपर्यंत पोहोचू शकतो. खरी भिंत फाइलसिस्टिमची असते, फोल्डरची नसते.

## २. रिकाम्या फोल्डरला कुलूप

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि सर्वांत जास्त नुकसान इथेच वाचते.

१. डिस्क काढलेली असताना फोल्डर तयार करा: `एमकेडीआयआर -पी /एसआरव्ही/डेटा`.
२. तो खरोखर रिकामा आहे ना, ते `एलएस -ए`ने पाहा.
३. परवानग्या काढून घ्या: `सीएचएमओडी ००० /एसआरव्ही/डेटा`.
४. आता कुलूप: `सीएचएटीटीआर +आय /एसआरव्ही/डेटा`.

नुसते ००० पुरत नाही, कारण रूटला (सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याला) परवानग्या अडवत नाहीत आणि बॅकअपच्या स्क्रिप्ट बहुधा रूट म्हणूनच चालतात. `+आय` लावल्यावर मात्र रूटलाही त्या फोल्डरमध्ये नवी फाइल करता येत नाही. माउंट करायला या कुलपाचा काहीच अडथळा होत नाही. डिस्क जोडली की तिच्या स्वतःच्या परवानग्या लागू होतात आणि खालचा कुलूपबंद फोल्डर झाकला जातो.

तपासणी: डिस्क न जोडता रूट म्हणून `टच /एसआरव्ही/डेटा/चाचणी` करून पाहा. 'ऑपरेशन नॉट परमिटेड' असे उत्तर आले पाहिजे. फाइल तयार झाली तर कुलूप लागलेले नाही.

सावधान: `सीएचएटीटीआर` चालवताना डिस्क जोडलेली असेल, तर कुलूप खालच्या फोल्डरला न लागता डिस्कच्या मुळाशी लागते, आणि मग कोणालाच तिथे नवा फोल्डर करता येत नाही. `सीएचओडब्ल्यूएन` आणि `सीएचएमओडी`चेही तसेच: डिस्क जोडण्याआधी केले तर ते खालच्या फोल्डरला लागू होते, जोडल्यावर केले तर डिस्कला. 'मालकी बदलली, तरी परवानगी मिळत नाही' या तक्रारीमागे बहुतेकदा हा क्रम उलटा झालेला असतो.

क्लायंटवरच्या `/एमएनटी/डेटा`लाही हेच चारही टप्पे लावा.

यानंतर डिस्क जोडा आणि तिच्या मुळाशी एक छोटी खूणफाइल ठेवा, उदाहरणार्थ `.डेटा-डिस्क-१`. काहीतरी जोडलेले आहे एवढे कळून भागत नाही. योग्य तीच डिस्क जोडलेली आहे हे कळायला हवे. पुढे बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये या फाइलीचा उपयोग होईल.

## ३. एफस्टॅबमधली ओळ

`/ईटीसी/एफस्टॅब` या फाइलीत कोणती डिस्क कुठे जोडायची याची यादी असते. तिची प्रत काढून ठेवा, मग ओळ लिहा:

`यूयूआयडी=... /एसआरव्ही/डेटा ईएक्सटी४ डिफॉल्ट्स,नोफेल,एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=३० ० २`

डिस्कचे नाव `/डेव्ह/एसडीबी१` असे लिहू नका. केबल दुसऱ्या पोर्टमध्ये गेली, नवी डिस्क लागली किंवा कधी नुसते रीस्टार्ट झाले, तरी हे नाव बदलू शकते. यूयूआयडी फाइलसिस्टिममध्येच लिहिलेला असतो, तो डिस्कबरोबर फिरतो.

`नोफेल` नसेल आणि डिस्क सापडली नाही, तर सिस्टिम इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबते. सर्व्हर दुसऱ्या खोलीत किंवा दुसऱ्या गावात असेल तर मग कीबोर्ड घेऊन प्रत्यक्ष जावे लागते. `नोफेल` असला की सर्व्हर डिस्कशिवाय सुरू होतो आणि दूरून लॉगिन करता येते. मात्र याच सोयीमुळे डिस्क नसताना शेअर सुरू होण्याचा धोका येतो. म्हणून `नोफेल` लिहिणाऱ्याने पायरी २ आणि पायरी ४ कधीही गाळू नये.

डिव्हाइस-टाइमआउट दिला नाही तर सिस्टमडी हरवलेल्या डिस्कची ९० सेकंद वाट पाहते. खूप डिस्क असलेल्या पेटीत त्या फिरायला वेळ लागतो, तिथे हा आकडा कमी करू नका.

ओळ लिहून झाल्यावर क्रम असा:

१. `फाइंडएमएनटी --व्हेरिफाय` : ओळीतल्या चुका दाखवते
२. `सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड`
३. `माउंट /एसआरव्ही/डेटा`
४. `फाइंडएमएनटी --टार्गेट /एसआरव्ही/डेटा`

दुसरा टप्पा गाळला तर एक चमत्कारिक गोष्ट घडते. सिस्टमडी एफस्टॅबमधून स्वतःची युनिटे (प्रत्येक माउंटच्या नोंदी) बनवते आणि रीलोड करेपर्यंत जुनीच धरून बसते. तुम्ही डिस्क बदलून त्याच जागी नवी जोडली, तर जुने युनिट म्हणते की माझी डिस्क तर गेलेली आहे, आणि नवी डिस्क लगेच काढून टाकते. `माउंट` कोणतीही चूक न दाखवता संपते आणि फोल्डर रिकामाच राहतो. माणूस मग डिस्क, केबल, फाइलसिस्टिम सगळ्यांवर संशय घेत बसतो.

बाइंड माउंट वापरत असाल, म्हणजे `/एसआरव्ही/डेटा/फोटो` हाच फोल्डर `/एक्स्पोर्ट/फोटो` इथेही दाखवत असाल, तर त्या ओळीत `बाइंड,एक्स-सिस्टमडी.रिक्वायर्स-माउंट्स-फॉर=/एसआरव्ही/डेटा` असे लिहा. मूळ डिस्क लागण्याआधी खालचा फोल्डर बाइंड झाला, तर डिस्क नंतर लागली तरी `/एक्स्पोर्ट`कडे ती दिसत नाही.

## ४. एक्स्पोर्ट: डिस्क नसेल तर शेअरही नको

`/ईटीसी/एक्स्पोर्ट्स`मध्ये:

`/एसआरव्ही/डेटा १९२.१६८.१०.०/२४(आरडब्ल्यू,सिंक,नो_सबट्री_चेक,रूट_स्क्वॅश,माउंटपॉइंट)`

या ओळीतला शेवटचा शब्द सर्वांत मोलाचा आहे. `माउंटपॉइंट` लिहिले की तो फोल्डर खरोखर माउंट झालेला असेल तरच एक्स्पोर्ट होतो. उपफोल्डर एक्स्पोर्ट करणे भागच असेल तर `माउंटपॉइंट=/एसआरव्ही/डेटा` असे लिहून कोणती डिस्क जोडलेली असली पाहिजे ते सांगता येते. हा पर्याय फार जुना आहे, तरी बहुतेक सर्व्हरवर तो दिसत नाही, कारण जो तो दुसऱ्याच्या ओळीची नक्कल करतो.

त्याबरोबर `/एसआरव्ही` हा वरचा फोल्डरही वेगळा एक्स्पोर्ट केलेला नाही ना, ते पाहा. तसा असेल तर डिस्क नसताना वरच्या शेअरमधून खालचा रिकामा फोल्डर लोकांना दिसतोच.

सावधान: पत्ता आणि कंस यांच्यामध्ये मोकळी जागा सोडू नका. `१९२.१६८.१०.०/२४ (आरडब्ल्यू)` असे लिहिले तर तुमच्या नेटवर्कला डिफॉल्ट पर्याय मिळतात, म्हणजे फक्त वाचण्याची परवानगी, आणि बाकी साऱ्या जगाला लिहिण्याची.

आता सेवेचा क्रम. `सिस्टमसीटीएल शो -पी रिक्वायर्समाउंट्सफॉर एनएफएस-सर्व्हर` चालवून पाहा. बऱ्याच वितरणांत एक्स्पोर्ट्स फाइलीवरून हे बंधन आपोआप तयार होते. यादीत तुमचा फोल्डर नसेल तर `सिस्टमसीटीएल एडिट एनएफएस-सर्व्हर` करून `युनिट` विभागात `रिक्वायर्समाउंट्सफॉर=/एसआरव्ही/डेटा` ही ओळ टाका. मग डिस्क लागल्याशिवाय एनएफएस सेवा सुरू होणार नाही.

याची किंमतही लक्षात ठेवा. चार डिस्कांपैकी एक गेली तरी चारही शेअर बंद राहतात. माझ्या मते हे योग्यच आहे, कारण अर्धवट सुरू असलेला सर्व्हर जास्त गोंधळ करतो. तरी बाकीचे शेअर तातडीने हवेच असतील तर एक्स्पोर्ट्स आणि एफस्टॅबमधल्या त्या डिस्कच्या ओळींपुढे `#` टाका, हाताने लिहिलेल्या बंधनातूनही तो फोल्डर काढा, डीमन-रीलोड करा आणि सेवा सुरू करा.

बदल लागू करायला `एक्स्पोर्टएफएस -आरए`. सेवा रीस्टार्ट करू नका. रीस्टार्टनंतर एनएफएस ४ मध्ये जुन्या क्लायंटना उघड्या फाइलींवरची आपली कुलुपे (लॉक) परत मिळवायला ग्रेस पीरियड दिला जातो. तो साधारण ९० सेकंदांचा असतो आणि तेवढा वेळ नव्या फाइली उघडणे थांबून राहते. हे माहीत नसलेला माणूस 'सर्व्हर अडकला' म्हणून पुन्हा रीस्टार्ट करतो आणि ९० सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात.

### डिस्कमध्ये डिस्क

`/एसआरव्ही/डेटा` ही एक डिस्क आणि `/एसआरव्ही/डेटा/फोटो` इथे दुसरी, अशी रचना असेल तर फार जपून राहा. एनएफएस ३ मध्ये वरचा फोल्डर एक्स्पोर्ट केल्याने आतली डिस्क आपोआप दिसत नाही. क्लायंटला तिच्या जागी खालचा रिकामा फोल्डर दिसतो, आणि त्याने तिथे लिहिले तर ते पहिल्या डिस्कवर, दुसरीच्या खाली झाकल्या जागेत जाते. सर्व्हरवरून पाहणाऱ्याला त्या फाइली दिसत नाहीत, क्लायंटवरून पाहणाऱ्याला खऱ्या फाइली दिसत नाहीत. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

आतल्या डिस्कची स्वतंत्र एक्स्पोर्ट ओळ लिहा आणि वरच्या ओळीत `क्रॉसएमएनटी` (आतली डिस्कही दाखवणारा पर्याय) जोडा. त्याहून बरे म्हणजे अशी रचनाच करू नका: `/एसआरव्ही/डेटा` आणि `/एसआरव्ही/फोटो` असे शेजारी ठेवा.

## ५. क्लायंटची बाजू

माउंट पॉइंट थेट `/`खाली किंवा लोकांच्या होम फोल्डरमध्ये ठेवू नका. सर्व्हर बंद पडला की त्या वरच्या फोल्डरमध्ये साधे `एलएस -एल` करणाराही अडकतो. `/एमएनटी`च्या आत स्वतंत्र जागा द्या.

एफस्टॅबमधली ओळ:

`१९२.१६८.१०.५:/एसआरव्ही/डेटा /एमएनटी/डेटा एनएफएस४ हार्ड,नोफेल,एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट,एक्स-सिस्टमडी.माउंट-टाइमआउट=३० ० ०`

`हार्ड` की `सॉफ्ट`, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. लिहिण्याचा शेअर असेल तर `हार्ड`च. `सॉफ्ट`मध्ये सर्व्हरने ठरावीक वेळेत उत्तर दिले नाही तर प्रोग्रॅमला चूक परत मिळते. पुष्कळ प्रोग्रॅम ती चूक नीट तपासत नाहीत आणि फाइल अर्धवट लिहिलेली राहते. `हार्ड`मध्ये प्रोग्रॅम थांबून राहतो आणि सर्व्हर परत आला की जिथे थांबला तिथून पुढे जातो. थांबलेला प्रोग्रॅम मारायचाच असेल तर `किल -९` चालते. त्यासाठी पूर्वी `इंटर` हा पर्याय लिहीत, पण २.६.२५ या कर्नलपासून त्याचा काही उपयोग नाही. फक्त वाचायच्या शेअरला `सॉफ्ट` चालू शकतो.

`टाइमो` (उत्तराची वाट पाहण्याची मुदत) या पर्यायाचा आकडा सेकंदांत नसतो, सेकंदाच्या दहाव्या भागात असतो. `टाइमो=३०` लिहिणाऱ्याला ३० सेकंद हवे असतात, मिळतात ३. टीसीपीवर डिफॉल्ट ६०० आहे, म्हणजे ६० सेकंद. खास कारण नसेल तर तोच राहू द्या.

ऑटोमाउंटचा, म्हणजे फोल्डर उघडताच शेअर आपोआप जोडण्याचा, खरा फायदा सुरक्षिततेचा आहे. त्या पत्त्यावर आधी ऑटोएफएसचा पहारा बसतो. कोणी आत पाऊल टाकले की माउंटचा प्रयत्न होतो, आणि सर्व्हर मिळाला नाही तर चूक परत येते. खालच्या फोल्डरमध्ये चुकून लिहिले जात नाही.

सावधान: याच पहाऱ्यामुळे, तिथे काही जोडलेले आहे का ते सांगणारी `माउंटपॉइंट` ही कमांड नेहमी 'हो' म्हणते, कारण ऑटोएफएस हाही माउंटच आहे. क्लायंटवर तपासणी करताना प्रकारासह विचारा: `फाइंडएमएनटी -टी एनएफएस४ /एमएनटी/डेटा`.

## ६. रीस्टार्ट करून पाहिल्याशिवाय काम झाले असे मानू नका

हाताने जोडलेली डिस्क चालते आहे, यावरून रीस्टार्टनंतर काय होईल ते कळत नाही. कार्यालय सुटल्यावर दोन चाचण्या करा.

पहिली: सर्व्हर नेहमीसारखा रीस्टार्ट करा. क्लायंटवरून खूणफाइल दिसते का आणि नवी फाइल लिहिता येते का, ते पाहा.

दुसरी: सर्व्हर बंद करून डेटाच्या डिस्कची केबल काढा आणि सुरू करा. क्लायंटवर चूक दिसली पाहिजे, किंवा आधीच जोडलेला `हार्ड` क्लायंट थांबून राहिला पाहिजे. रिकामा फोल्डर दिसला तर पायरी २ किंवा ४ मध्ये काहीतरी राहिले आहे. ही चाचणी सर्व्हर नवा असतानाच करून टाका. डिस्क खरोखर मरते त्या दिवशी शिकायला उसंत नसते.

## ७. डिस्क काढणे: जोडण्याच्या नेमका उलट क्रम

जोडताना क्रम असतो डिस्क, माउंट, बाइंड, एक्स्पोर्ट, क्लायंट. काढताना सुरुवात क्लायंटपासून.

क्लायंटवर. ऑटोमाउंट असेल तर आधी `सिस्टमसीटीएल स्टॉप एमएनटी-डेटा.ऑटोमाउंट`, नाहीतर कोणी नुसते डोकावले तरी शेअर पुन्हा जोडला जातो. मग `यूमाउंट /एमएनटी/डेटा`. 'टार्गेट इज बिझी' आले तर `फ्यूजर -व्हीएम /एमएनटी/डेटा`ने कोण आत आहे ते पाहा. पुष्कळदा तुमचेच टर्मिनल त्या फोल्डरमध्ये उभे असते. `सीडी /` करा.

सर्व्हरवर.

१. कोण अजून जोडलेले आहे ते पाहा. `शोमाउंट -ए`वर विसंबू नका, त्यात एनएफएस ४ चे क्लायंट येत नाहीत. कर्नल ५.३ पासून `/प्रॉक/एफएस/एनएफएसडी/क्लायंट्स` मध्ये प्रत्येक क्लायंटचा फोल्डर असतो, त्यातल्या `इन्फो` फाइलीत पत्ता मिळतो.
२. `एक्स्पोर्टएफएस -यू १९२.१६८.१०.०/२४:/एसआरव्ही/डेटा`
३. बाइंड माउंट असतील तर ते आधी काढा.
४. `यूमाउंट /एसआरव्ही/डेटा`
५. `एलएसबीएलके -एफ`मध्ये त्या डिस्कसमोरचा माउंट रकाना रिकामा दिसला की मगच डिस्कला हात लावा.

चौथ्या टप्प्यावर 'बिझी' येते आणि `फ्यूजर`, `एलएसओएफ` दोन्ही रिकामे, असे फार वेळा होते. एनएफएस सर्व्हर कर्नलच्या आत चालतो. त्याने धरलेल्या फाइली कोणत्याही प्रक्रियेच्या नावावर दिसत नाहीत. `एक्स्पोर्टएफएस -एफ`ने कर्नलची एक्स्पोर्ट यादी धुऊन टाका आणि पुन्हा प्रयत्न करा. तरी सुटली नाही तर `सिस्टमसीटीएल स्टॉप एनएफएस-सर्व्हर`, मग `यूमाउंट`. यानंतरही बिझी असेल तर कंटेनर (वेगळ्या कप्प्यात चालवलेले प्रोग्रॅम) शोधा. कंटेनरची माउंट यादी वेगळी असते आणि त्यात डिस्क अडकून राहते. `/प्रॉक/*/माउंटइन्फो` या फाइलींमध्ये डिस्कचे नाव `ग्रेप` केले की प्रक्रिया सापडते.

सावधान: चिडून `यूमाउंट -एल` वापरू नका. त्याने फक्त नाव नाहीसे होते. उघड्या फाइली तशाच राहतात, डिस्कवर लिहिणेही चालू राहते आणि यादीत मात्र डिस्क दिसत नाही. अशा वेळी केबल काढली किंवा `एफएससीके` (फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवले तर फाइलसिस्टिम बिघडते. `यूमाउंट -एफ` क्लायंटवर, सर्व्हर कायमचा गेलेला असतानाच. न लिहिलेला डेटा त्यात जातो हे धरून चला.

तीच डिस्क परत जोडायची असेल आणि काम १० मिनिटांचे असेल, तर वेगळा मार्ग बरा. क्लायंटना हात लावू नका, एक्स्पोर्टही काढू नका. एनएफएस सेवा थांबवा, डिस्क काढा, काम करा, डिस्क जोडा, खूणफाइल पाहा, सेवा सुरू करा. `हार्ड` माउंट असलेले क्लायंट तेवढा वेळ थांबतात आणि पुढे चालू लागतात. सेवा चालू ठेवून नुसता एक्स्पोर्ट काढला असता तर त्यांना थांबायला न मिळता 'स्टेल फाइल हँडल' (फाइलीची ओळख निकामी झाल्याची चूक) मिळाले असते.

## ८. जुन्या डिस्कच्या जागी नवी

एनएफएसचे फाइल हँडल फाइलीच्या नावावर बांधलेले नसते. त्यात फाइलसिस्टिमची ओळख, आयनोडचा (फाइलीच्या डिस्कवरच्या नोंदीचा) क्रमांक आणि त्याची पिढी असते. म्हणून नव्या डिस्कवर सगळ्या फाइली त्याच नावांनी उतरवल्या तरी क्लायंटकडची जुनी हँडल निकामी होतात. सर्व क्लायंटना शेअर काढून पुन्हा जोडावा लागतो. यातून पळवाट नाही, तेव्हा वेळ आधीच ठरवून घ्या.

उतरवायला `आरसिंक --आर्काइव्ह --हार्ड-लिंक्स --एसीएल्स --एक्सॲटर्स --न्यूमरिक-आयडीज --वन-फाइल-सिस्टिम /एसआरव्ही/डेटा/ /एमएनटी/नवी/`. स्रोताच्या शेवटचा स्लॅश विसरलात तर नव्या डिस्कवर `डेटा` नावाचा जास्तीचा फोल्डर तयार होतो. पहिली फेरी लोक काम करत असताना चालेल. शेवटची फेरी क्लायंट काढल्यावर, `--डिलीट` जोडून.

`डीडी`ने डिस्क जशीच्या तशी उतरवली तर दोन्हींचा यूयूआयडी एकच होतो. दोन्ही एकदम लावून सर्व्हर सुरू करू नका. कोणती जोडली जाईल याचा भरवसा नाही.

## ९. बॅकअप आणि खोडणे

`आरसिंक --डिलीट` रिकाम्या स्रोतावर चालले तर ते बॅकअपमधून सगळे पुसते, आणि ते त्याचे कामच आहे. बॅकअपच्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळींत खूणफाइल तपासा: स्रोताची खूणफाइल आणि बॅकअपच्या डिस्कची वेगळी खूणफाइल, दोन्ही सापडल्याशिवाय पुढे जायचे नाही. बॅकअपच्या डिस्कवरची खूणफाइल `--डिलीट`च्या तावडीत येऊ नये म्हणून प्रत तिथल्या उपफोल्डरमध्ये उतरवा, मुळाशी नको. जोडीला `--मॅक्स-डिलीट=५००` यासारखी मर्यादा, तुमच्या रोजच्या उलाढालीला साजेशी.

जुना माउंट पॉइंट काढताना आधी `सीएचएटीटीआर -आय`ने कुलूप उघडा आणि मग फक्त `आरएमडीआयआर` वापरा. फोल्डर रिकामा नसेल किंवा त्यावर काही जोडलेले असेल तर ती नकार देते. `आरएम -आरएफ` मात्र जोडलेल्या डिस्कच्या आत शिरून सगळे खोडते. मोठी झाडे खोडावीच लागली तर `आरएम -आर --वन-फाइल-सिस्टिम`, आणि `फाइंड`ला `-एक्सडेव्ह`.

शेवटी, आजवर कुलूप नसलेल्या सर्व्हरवर एक शोध जरूर घ्या. सिस्टिमची डिस्क भरलेली दिसते, पण `डीयू -एक्स` करून बेरीज जुळत नाही, अशी स्थिती असेल तर माउंट पॉइंटच्या खाली फाइली झाकलेल्या असू शकतात. त्या पाहायला डिस्क काढावी लागत नाही:

१. `एमकेडीआयआर /एमएनटी/मूळ`
२. `माउंट --बाइंड / /एमएनटी/मूळ`
३. `एलएस -एलए /एमएनटी/मूळ/एसआरव्ही/डेटा`

साध्या बाइंडमध्ये वर जोडलेल्या डिस्का येत नाहीत, त्यामुळे खालचा खरा फोल्डर दिसतो. तिथे फाइली सापडल्या तर खोडायची घाई करू नका. तारखा पाहा, ज्या दिवशी डिस्क लागली नव्हती त्या दिवसाचे कोणाचे तरी काम त्यात असते. आधी त्या फाइली डेटाच्या डिस्कवर वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवा, ज्यांच्या आहेत त्यांना दाखवा, मग खालची जागा रिकामी करा. `यूमाउंट /एमएनटी/मूळ` करा आणि पुढच्या वेळी डिस्क काढाल तेव्हा पायरी २ मधले कुलूप लावा.